नकार ठासून सांगायचा तर ‘नॉट’ कुठे बसवायचा?

इंग्रजी शंका-समाधान

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: इंग्रजीत जोर देऊन ‘नाही’ कसं म्हणायचं? मराठीत हे काम ‘च’, शब्दांची अदलाबदल आणि आवाजाचा चढउतार मिळून करतात. इंग्रजीत शब्द इतक्या सहज जागा सोडत नाहीत, म्हणून तिथे वाक्याची बांधणीच बदलावी लागते. खाली ज्या चुका दाखवल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक चुका शब्द ठाऊक नसल्यामुळे होत नाहीत. ‘नॉट’ भलत्याच जागी जाऊन बसतो आणि ज्याला नकार द्यायचा नव्हता त्यालाच नकार देऊन मोकळा होतो.

प्रश्न: ‘राहुल डिडन्ट ब्रेक द विंडो’ आणि ‘इट वॉजन्ट राहुल हू ब्रोक द विंडो’ या वाक्यांत नेमका फरक काय? शाळेत दोन्हींचा अर्थ ‘राहुलने काच फोडली नाही’ असाच सांगितला होता. (एक वाचक, सांगली)

उत्तर: पहिलं वाक्य हा साधा नकार आहे. राहुलने काच फोडली नाही, एवढंच ते सांगतं. काच फुटली आहे की धड आहे, याबद्दल ते गप्प आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र काच फुटली आहे हे गृहीत धरलेलं आहे. ती कोणीतरी फोडली आणि तो कोणीतरी राहुल नव्हे, असा त्याचा अर्थ. मराठीत ‘काच फोडली ती राहुलने नाही’ असं म्हणू. काच शाबूत असताना हे वाक्य बोललात तर समोरचा आधी विचारेल, “म्हणजे? काच फुटली कधी?”

अशा वाक्यांना इंग्रजी व्याकरणात ‘क्लेफ्ट सेंटेन्स’ म्हणतात, म्हणजे दुभंगलेलं वाक्य. हे नाव डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९३७ साली रूढ केलं. एका वाक्याचे दोन तुकडे होतात. पहिल्या तुकड्यात, ‘इट वॉजन्ट’च्या पुढे, ज्याला नकार द्यायचा तो शब्द येतो. ‘हू’ किंवा ‘दॅट’नंतरच्या दुसऱ्या तुकड्यात घडलेली गोष्ट येते, आणि ती दोघांनाही मान्य आहे असं धरलं जातं.

हे ‘मान्य आहे असं धरणं’ कचेरीतल्या पत्रव्यवहारात महागात पडू शकतं. समजा, ग्राहकाने तक्रार केली की आमची फाइल डिलीट झाली. तुम्ही उत्तर दिलंत, ‘इट वॉजन्ट अवर टीम दॅट डिलीटेड द फाइल.’ तुमच्या लोकांना तुम्ही वाचवलंत खरं, पण फाइल डिलीट झाल्याचं लेखी कबूल करून बसलात. ते अजून सिद्ध झालेलं नसेल तर साधं वाक्यच बरं: ‘अवर टीम डिड नॉट डिलीट एनी फाइल.’

आता वाक्य कसं बांधायचं ते पाहू. ‘मीना डिडन्ट पे द बिल’ हे वाक्य घ्या. नकार मीनाला द्यायचा आहे, बिल कोणीतरी भरलंच आहे. तेव्हा ‘इट वॉजन्ट’ लिहा, पुढे ‘मीना’, मग ‘हू’. उरलेल्या भागातून ‘डिडन्ट’ काढून टाका. ‘डिडन्ट’ गेला की भूतकाळ क्रियापदाला स्वतः दाखवावा लागतो, म्हणून ‘पे’चं ‘पेड’ करा. तयार झालं: ‘इट वॉजन्ट मीना हू पेड द बिल.’

सर्वांत जास्त घसरतात ते ‘डिडन्ट’ काढायचं विसरणारे. त्याने अर्थ किती फिरतो, ते ही तीन वाक्यं शेजारी ठेवून पाहा:

‘इट वॉजन्ट मीना हू पेड.’ पैसे भरले गेले, पण ते मीनाने नाही भरले.

‘इट वॉज मीना हू डिडन्ट पे.’ बाकीच्यांनी भरले, मीनानेच भरले नाहीत.

‘इट वॉजन्ट मीना हू डिडन्ट पे.’ कोणीतरी पैसे बुडवले, पण बुडवणारी मीना नव्हे.

तिसरं वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. मीनावर ठपका आला असेल आणि तो पुसायचा असेल, तर तेच हवं. पण पहिलं म्हणायचं असताना तिसरं तोंडातून गेलं, तर ऐकणारा गोंधळणारच.

आणखी काही खाचखळगे. ‘इट वॉजन्ट राहुल दॅट आय सॉ हिम’ यातला ‘हिम’ फालतू आहे, कारण राहुल पुढे निघून आला, त्याची मूळची जागा आता रिकामीच राहिली पाहिजे. ‘इट वॉजन्ट टु मी दॅट ही स्पोक टु’ यात ‘टु’ दोनदा आला आहे. तो एकदाच ठेवा, पुढे किंवा मागे: ‘इट वॉजन्ट मी दॅट ही स्पोक टु’ असं बोलण्यात, ‘इट वॉजन्ट टु मी दॅट ही स्पोक’ असं औपचारिक लिखाणात. माणसं अनेक असली तरी ‘इट’ आणि ‘इज’ एकवचनीच राहतात. अनेकवचन दिसतं ते मागच्या तुकड्यात: ‘इट इजन्ट द ड्रायव्हर्स हू आर टु ब्लेम.’

या बांधणीत नाम, सर्वनाम, ठिकाण, वेळ, कारण हे सगळं पुढे आणता येतं. क्रियापद मात्र आणता येत नाही. ‘इट वॉजन्ट शाउट दॅट ही डिड’ असं कोणी म्हणत नाही. तिथे ‘व्हॉट’ने सुरुवात करायची: ‘व्हॉट ही डिडन्ट डू वॉज शाउट.’ त्याने बाकी सगळं केलं असेल, ओरडला मात्र नाही. विशेषणही सहसा पुढे येत नाही. आयर्लंडमधल्या इंग्रजीत ‘इट्स टायर्ड ही इज’ सर्रास ऐकू येतं, त्यामागे आयरिश भाषेची वळणं आहेत. आपण त्या वाटेला न गेलेलं बरं.

प्रश्न: ‘इट वॉज नॉट अंटिल’ने सुरू होणाऱ्या वाक्यात ‘नॉट’ असूनही गोष्ट घडलेली कशी असते? (बारावीची विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर: कारण तो ‘नॉट’ वेळेला चिकटलेला आहे, घटनेला नाही. ‘इट वॉज नॉट अंटिल १९८७ दॅट गोवा बिकेम अ स्टेट.’ गोवा १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला, पण घटक राज्य झाला ३० मे १९८७ ला. राज्य झालं हे नक्की. झालं ते उशिरा, एवढं वाक्याला ठसवायचं आहे. मराठीत हे काम ‘कुठे’ हा शब्द करतो: ‘१९८७ मध्ये कुठे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.’ मनात ‘तेव्हा कुठे’ आलं की इंग्रजीत ‘नॉट अंटिल’ खुशाल वापरा.

उलट, वेळेवर किंवा लवकर घडलेल्या गोष्टीला ही रचना लावली की विनोद होतो. ‘इट वॉज नॉट अंटिल सेव्हन दॅट ही वोक अप’ म्हणजे स्वारी सातला कुठे उठली. सात ही तुमच्या घरी लवकरची वेळ असेल तर हे वाक्य नको.

‘दॅट’नंतरचं वाक्य होकारार्थी हवं. ‘दॅट गोवा डिड नॉट बिकेम’ असं लिहिलंत तर एका वाक्यात दोन चुका झाल्या: नकार नको तिथे आला आणि ‘डिड’नंतर क्रियापदाचं भूतकाळी रूप आलं.

हीच गोष्ट ‘इट वॉज’ न घेता सांगितली की शब्दक्रम उलटतो: ‘नॉट अंटिल १९८७ डिड गोवा बिकम अ स्टेट.’ ‘अंटिल’च्या मागे छोटं वाक्य आलं असेल तर उलटापालट त्या छोट्या वाक्यात करायची नाही, मुख्य वाक्यात करायची. ‘नॉट अंटिल द रेन स्टॉप्ड डिड द मॅच स्टार्ट’ हे बरोबर. ‘नॉट अंटिल डिड द रेन स्टॉप द मॅच स्टार्टेड’ हे चूक, आणि उत्तरपत्रिकांत हेच जास्त सापडतं.

जाता जाता ‘अंटिल’बद्दल एक सूचना, कारण ही चूक खास आपली आहे. ‘तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही’ यात आपण दोनदा ‘नाही’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘अंटिल ही डझन्ट कम, आय वोन्ट गो’ होऊन जातं. ‘अंटिल’च्या पोटातच पहिला ‘नाही’ आहे. ‘आय वोन्ट गो अंटिल ही कम्स’ एवढं पुरतं. ‘अनलेस’चंही तसंच: ‘अनलेस यू पे’ म्हणजेच ‘तुम्ही पैसे भरले नाहीत तर’. तिथे ‘अनलेस यू डोन्ट पे’ लिहिलंत तर पैसे न भरणाऱ्यालाच सवलत मिळेल!

प्रश्न: ‘नेव्हर हॅव आय सीन’ यात ‘हॅव’ आधी येतो. मग ‘नोबडी केम’चं ‘नोबडी डिड कम’ का होत नाही? शब्द कधी उलटे करायचे हे ठरवायचं कसं? (इंग्रजीचे एक शिक्षक, परभणी)

उत्तर: दोन गोष्टी तपासायच्या. नकारार्थी शब्द वाक्याच्या सुरुवातीला आहे का, आणि तो कर्ता सोडून दुसरं काही आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच उलटापालट. ‘नोबडी’ हा स्वतःच कर्ता आहे. तो आपल्या हक्काच्या जागी बसला आहे, कोणाला पुढे आणलेलंच नाही, मग हलायचं कोणी?

‘नॉट अ सिंगल बस’ हे शब्द घ्या. ‘नॉट अ सिंगल बस केम’ यात बस हा कर्ता आहे, क्रम सरळ. ‘नॉट अ सिंगल बस डिड वी सी’ यात कर्ता ‘वी’ आहे आणि बस हे कर्म पुढे आलं आहे, म्हणून ‘डिड’ कर्त्याच्या आधी. शब्द तेच, काम बदललं की क्रम बदलला. ही जोडी वर्गात फळ्यावर एकाखाली एक लिहिली की मुलांना नियम पाठ करावा लागत नाही.

कृती अशी. ‘वी हॅड नेव्हर सीन सच रेन’ यात ‘हॅड’ हे सहायक क्रियापद आहेच. ‘नेव्हर’ पुढे आणा, ‘हॅड’ला ‘वी’च्या आधी टाका: ‘नेव्हर हॅड वी सीन सच रेन.’ ‘ही रेअरली कम्प्लेन्स’ यात सहायक क्रियापद नाही. तेव्हा काळ आणि कर्ता पाहून ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणायचा आणि क्रियापद मूळ रूपात न्यायचं: ‘रेअरली डझ ही कम्प्लेन.’ ‘कम्प्लेन्स’चा ‘स’ ‘डझ’ने घेतला, तो आता मागे राहू द्यायचा नाही. ‘वॉज’, ‘इज’ असतील तर त्यांना मदतनीस लागत नाही, ते स्वतःच पुढे सरकतात.

उलटापालट करायला लावणाऱ्या शब्दांत ‘नेव्हर’, ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘हार्डली’, ‘नोव्हेअर’, ‘नॉट वन्स’, ‘अ‍ॅट नो टाइम’, ‘इन नो वे’, ‘ऑन नो अकाउंट’, ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’ हे नेहमीचे. ‘लिटल’कडे जरा लक्ष द्या. ‘लिटल डिड ही नो’चा अर्थ ‘त्याला थोडं माहीत होतं’ असा नाही. ‘त्याला कल्पनाही नव्हती’ असा आहे. ‘ओन्ली’ नकारार्थी नसूनही याच पंगतीला बसतो: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’, म्हणजे तेव्हा कुठे मला कळलं. पण ‘ओन्ली मीना केम’मध्ये मीना हा कर्ता आहे, तिथे काही उलटत नाही.

आता फसवे शब्द. ‘इन नो टाइम द टँक वॉज फुल’ यात ‘नो’ पुढे आहे, तरी क्रम सरळ. ‘अ‍ॅट नो टाइम वॉज द टँक फुल’ यात क्रम उलटा. का? दोन्ही वाक्यं मराठीत म्हणून पाहा. पहिलं: ‘बघता बघता टाकी भरली.’ दुसरं: ‘टाकी कधीच भरलेली नव्हती.’ मराठीच्या शेवटी ‘नाही’ किंवा ‘नव्हतं’ आलं तर पुढच्या शब्दाने सगळ्या वाक्याला नकार दिला, तिथे उलटापालट करा. आलं नाही तर तो ‘नो’ किंवा ‘नॉट’ आपल्या शेजारच्या शब्दापुरताच आहे. ‘नॉट लाँग अगो ही लिव्ह्ड हियर’ याच कारणाने सरळ, कारण तो इथे राहत होताच. ही कसोटी ‘नॉट अंटिल’, ‘नॉट ओन्ली’ आणि ‘नो सूनर’ या तिघांना मात्र लागू पडत नाही, ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

‘नॉट ओन्ली’तही कर्त्याचा नियम तोच. ‘नॉट ओन्ली डिड शी राइट द लेटर, बट शी ऑल्सो पोस्टेड इट’: पुढचा भाग उलटा, ‘बट’नंतरचा सरळ. ‘नॉट ओन्ली द स्टुडंट्स बट ऑल्सो द टीचर वॉज लेट’ यात उलटापालट नाही, आणि ‘वॉज’ जवळच्या ‘टीचर’ला धरून एकवचनी.

हे सगळं शिकवाच, पण ही रचना कुठे शोभते तेही सांगा. भाषण, अग्रलेख, कथा, करारातली कलमं आणि कारखान्यातल्या पाट्या ही तिची ठिकाणं: ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड धिस व्हॉल्व्ह बी ओपन्ड.’ मित्राला भेटल्यावर ‘नेव्हर हॅव आय ईटन सच मिसळ’ म्हटलं तर तो खुर्चीवरून पडेल. बोलताना ‘आय हॅव नेव्हर ईटन’ हेच बरं. निबंधातही प्रत्येक परिच्छेदात एक उलटं वाक्य पेरलं की जोर येत नाही, सोंग वाटतं.

प्रश्न: ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ काढून ‘नो सूनर’ वापरा, या प्रश्नात माझा एक गुण हमखास जातो. (दहावीचा विद्यार्थी, जळगाव)

उत्तर: ‘अ‍ॅज सून अ‍ॅज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट.’ ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’च्या जागी ‘नो सूनर’ लिही. वाक्य भूतकाळात आहे म्हणून लगेच ‘डिड’. ‘रँग’चं ‘रिंग’ कर. स्वल्पविराम खोड आणि तिथे ‘दॅन’ लिही. पुढच्या भागाला हात लावू नकोस. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’

गुण जातो तो तीनच ठिकाणी: ‘डिड’नंतर ‘रँग’ तसंच राहतं, ‘दॅन’चं स्पेलिंग ‘देन’सारखं होतं, किंवा ‘दॅन’ऐवजी ‘व्हेन’ येतं. ‘व्हेन’ हा ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’चा जोडीदार आहे: ‘हार्डली हॅड द बेल रंग व्हेन द बॉइज रॅन आउट.’ ‘हॅड’ घेतलास तर क्रियापदाचं तिसरं रूप, ‘डिड’ घेतलास तर पहिलं. वाक्य वर्तमानकाळी असेल तर ‘डू’ किंवा ‘डझ’.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गेटवर ‘ऑल व्हिजिटर्स आर नॉट अलाउड टु पार्क हियर’ अशी पाटी आहे. काही पाहुणे म्हणतात, याचा अर्थ काहींना परवानगी आहे. बरोबर कोण? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दोघंही, आणि म्हणूनच पाटी चूक. ‘ऑल’ पुढे आणि ‘नॉट’ मागे असलं की ‘सगळ्यांना नाही, काहींना आहे’ आणि ‘कोणालाच नाही’ हे दोन्ही अर्थ निघतात. मराठीतल्या ‘सर्व पाहुण्यांना परवानगी नाही’ या वाक्याचीही हीच पंचाईत आहे. कोणालाच परवानगी नसेल तर ‘नो व्हिजिटर्स आर अलाउड टु पार्क हियर’ किंवा सरळ ‘नो व्हिजिटर पार्किंग’. काहींनाच असेल तर ‘नॉट ऑल’ लिहून भागणार नाही, कोणाला आहे ते लिहा: ‘ओन्ली व्हिजिटर्स विथ अ पास मे पार्क हियर.’

‘एव्हरीवन डिडन्ट कम’ हेही याच जातीचं. ‘नॉट एव्हरीवन केम’ म्हणजे काही आले, ‘नो वन केम’ म्हणजे कोणीच आलं नाही. ‘कोणीच’पुढे मराठीत ‘नाही’ लागतंच, म्हणून ‘नोबडी डिडन्ट कम’ अशीही वाक्यं होतात. त्याचा अर्थ प्रमाण इंग्रजीत ‘न आलेला कोणीच नाही’, म्हणजे झाडून सगळे आले!

असाच दुहेरी अर्थ कारण सांगताना निघतो, आणि तो पाटीपेक्षा जास्त घातक. ‘ही डिडन्ट रिझाइन बिकॉज ऑफ द सॅलरी.’ त्याने राजीनामा दिला, पण पगारासाठी नव्हे? की पगार चांगला म्हणून दिलाच नाही? बोलताना आवाज फोड करतो, कागदावर आवाज नसतो. सांगलीच्या वाचकांना सांगितलेली दुभंगलेली रचना इथे कामाला येते. ‘इट वॉजन्ट बिकॉज ऑफ द सॅलरी दॅट ही रिझाइन्ड’: राजीनामा दिला, कारण वेगळं. ‘इट वॉज बिकॉज ऑफ द सॅलरी दॅट ही डिडन्ट रिझाइन’: दिला नाही, कारण पगार. अनुभवपत्र, चौकशी अहवाल, वकिलाची नोटीस अशा कागदांत ‘नॉट’ आणि ‘बिकॉज’ एका वाक्यात आले की थांबा आणि वाक्य या दोनपैकी एका साच्यात घाला.

प्रश्न: मराठीतला ‘च’ इंग्रजीत कसा आणायचा? ‘मी गेलोच नाही’ आणि ‘मीच गेलो नाही’ यांचं इंग्रजी मला एकसारखंच होतं. (एक वाचक, बंगळुरू)

उत्तर: ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यावर उत्तर अवलंबून आहे. ‘मीच गेलो नाही’ यात तो माणसाला चिकटला आहे: ‘इट वॉज मी हू डिडन्ट गो.’ बाकीचे गेले. ‘मी गेलोच नाही’ यात तो क्रियेला चिकटला आहे, आणि क्रिया ‘इट वॉज’च्या पुढे येत नाही हे वर पाहिलं. तिथे बोलीभाषेत ‘आय नेव्हर वेंट’ हे सगळ्यांत जवळचं. एकाच प्रसंगाबद्दलही हा ‘नेव्हर’ चालतो, ‘कधीही’ असा त्याचा अर्थ घ्यायची गरज नाही. ‘आय नेव्हर सेड दॅट’ म्हणजे ‘मी असं म्हटलंच नाही’. लेखी आणि औपचारिक हवं असेल तर ‘आय डिड नॉट गो अ‍ॅट ऑल’.

‘मी पुण्याला नाही गेलो, नाशिकला गेलो’ यात नकार ठिकाणाला आहे. ‘इट वॉजन्ट पुणे आय वेंट टु, इट वॉज नाशिक’ हे बरोबर आहे, पण कोणी आधी ‘तुम्ही पुण्याला गेला होतात ना?’ असं म्हटलं असेल तरच ते शोभतं. ही रचना समोरच्याची समजूत दुरुस्त करते. दुरुस्त करायला काही नसेल तर ‘आय डिडन्ट गो टु पुणे, आय वेंट टु नाशिक’ म्हणा आणि दोन्ही गावांवर आवाज चढवा.

‘च’साठी ‘ओन्ली’ वापरायची सवय मात्र सोडलेली बरी. ‘तूच सांगितलं होतंस’चं ‘यू ओन्ली टोल्ड मी’ भारतात कळतं, बाहेर नाही. ते लोक ‘तू फक्त सांगितलंस’ किंवा ‘तू फक्त मला सांगितलंस’ असा अर्थ घेतील. ‘इट वॉज यू हू टोल्ड मी’ म्हणा. ‘आय ओन्ली डिड नॉट गो’ तर कुठल्याच अर्थाला धड लागत नाही.

आवाजाबद्दल थोडं. होकाराला जोर देताना ‘डिड’ मुद्दाम आणतात: ‘आय डिड साइन इट’, मी सही केली आहेच. नकारात ‘डिड’ आधीच हजर असतो, आणखी आणायला काही उरत नाही. म्हणून ‘डिडन्ट’ फोडून ‘डिड नॉट’ करायचं आणि ‘नॉट’वर वजन टाकायचं: ‘आय डिड नॉट साइन इट.’ रागाच्या ईमेलमध्ये ‘नॉट’ मोठ्या अक्षरांत लिहिणं हे अंगावर ओरडल्यासारखं वाचलं जातं. नुसतं ‘डिडन्ट’चं ‘डिड नॉट’ केलं तरी वाचणाऱ्याला कळतं. ‘व्हॉटसोएव्हर’ने आणखी धार येते, पण तो सहसा ‘नो’ किंवा ‘एनी’ असलेल्या नामाच्या मागे लागतो: ‘देअर इज नो प्रूफ व्हॉटसोएव्हर.’

प्रश्न: ‘तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण…’ हे ईमेलमध्ये नम्रपणे कसं लिहावं? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: ‘इट्स नॉट दॅट आय डोन्ट ट्रस्ट यू, इट्स जस्ट दॅट द बँक नीड्स टू सिग्नेचर्स.’ इथे दोन नकार हवेतच, ते एकमेकांना खोडून ‘विश्वास आहे’ असा अर्थ देतात. मात्र ‘इट्स नॉट दॅट’ने वाक्य सुरू केलं की खरं कारण लगेच सांगावं लागतं. पहिल्याच अर्ध्यावर पूर्णविराम दिलात तर वाचणारा पुढच्या कारणाची वाट पाहत राहतो, आणि ते आलं नाही की विश्वास नसल्याचीच शंका पक्की होते. अनोळखी माणसाला किंवा सरकारी कचेरीला लिहिताना हे टाळा. ‘द बँक रिक्वायर्स टू सिग्नेचर्स’ एवढंच पुरे. ‘इट्स नॉट अ‍ॅज इफ’ने सुरू होणारं वाक्यही दिसायला असंच, पण त्याचा सूर टोमण्याचा असतो: ‘इट्स नॉट अ‍ॅज इफ ही इज पुअर’, म्हणजे तो काही गरीब लागून गेला नाही. ईमेलमध्ये तो सूर नको.

प्रश्न: ‘इट वॉजन्ट यू हू कॉल्ड, वॉज इट?’ असं विचारल्यावर मी ‘येस’ म्हणते आणि इथले सहकारी समजतात की फोन मीच केला होता. (एक वाचक, लंडन)

उत्तर: मराठीत आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो: ‘हो, मी नव्हते केला.’ इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ त्याच्या म्हणण्याशी जुळत नाहीत, तुमच्या स्वतःच्या पुढच्या वाक्याशी जुळतात. पुढे ‘वॉजन्ट’ येणार असेल तर ‘नो’च: ‘नो, इट वॉजन्ट.’ फोन केला असेल तर ‘येस, इट वॉज.’ ‘येस, इट वॉजन्ट’ असं इंग्रजीत नसतंच. सवय होईपर्यंत ‘येस-नो’ गाळून नुसतं ‘इट वॉजन्ट मी’ म्हटलंत तरी काम भागतं.